हाँगकाँगमधील फॅमिली ऑफिस (एका कुटुंबाची संपत्ती सांभाळणारी कंपनी) सांभाळत असलेल्या गुंतवणूक संस्थेला करसवलत कोणत्या अटींवर मिळते?

२०२३ मध्ये संमत झालेल्या आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू धरलेल्या करकायद्यातील दुरुस्तीनुसार, एकाच कुटुंबाच्या गुंतवणूक संस्थेला पात्र व्यवहारांतील (शेअर, रोखे अशा कायद्यात ठरवून दिलेल्या मालमत्तेच्या व्यवहारांतील) नफ्यावर शून्य दराने कर लागतो. मात्र तिच्यात त्या कुटुंबाचा किमान ९५ टक्के लाभहिस्सा असावा लागतो आणि फॅमिली ऑफिसने सांभाळलेली अशी विहित मालमत्ता किमान २४ कोटी हाँगकाँग डॉलरची असावी लागते. माझ्या मते खरी कसोटी प्रत्यक्ष कामकाजाची आहे, कारण नियंत्रण हाँगकाँगमधूनच व्हावे, तेथे किमान दोन पात्र पूर्णवेळ कर्मचारी असावेत आणि वार्षिक खर्च किमान २० लाख हाँगकाँग डॉलर व्हावा, अशी अपेक्षा आहे. सिंगापूरप्रमाणे सवलतीसाठी पूर्वमंजुरी लागत नाही, त्यामुळे अटी पाळल्याचे नंतर दाखवण्याची जबाबदारी तुमच्यावरच राहते. म्हणूनच नोंदी पहिल्या दिवसापासून काटेकोरपणे ठेवाव्यात.