रस्ता अरुंद होण्याच्या पाट्या: खालून वर वाचा

लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत 'पुढे रस्ता अरुंद' आणि 'पुढे रस्ता रुंद' या दोन पाट्यांत बरेच जण गडबडतात. मीही गडबडलो होतो. सोपी खूण सांगतो. लाल कडेच्या त्रिकोणातलं चित्र खालून वर वाचायचं, कारण खालचं टोक म्हणजे तू. खाली रुंद आणि वर बाटलीच्या गळ्यासारखं निमुळतं, म्हणजे पुढे रस्ता आवळतोय. उलटी बाटली म्हणजे मोकळा होतोय. अरुंद पुलाची पाटी वेगळी: रेघा मध्येच जवळ येतात आणि पुन्हा फाकतात.

पाटी दिसली की अ‍ॅक्सिलेटर सोड, आरशात बघ, ओव्हरटेकचा विचार डोक्यातून काढ. समोरून एसटी येत असेल तर रुंद जागेतच थांब. पुलावर अर्ध्यात अडकून रिव्हर्स घेणं नवशिक्याचं काम नाही (जुन्यांनाही घाम फुटतो).

पोलादपूरहून महाबळेश्वरला आंबेनळी घाटाने जाशील तेव्हा हे फार उपयोगी पडेल. आणि हो, घाटात दोन गाड्या मावत नसतील तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे. समोरच्याने डिपर मारला (हेडलाइट लुकलुकवला) म्हणून 'ये' म्हणतोय असं समजू नकोस. आपल्याकडे बहुतेकदा त्याचा अर्थ 'मी येतोय' असाच असतो.