आइस स्केटिंगला हेल्मेटऐवजी पॅड असलेला हेअरबँड किंवा कानटोपी चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टिळकवाडीत राहता, मुलगी तेरा वर्षांची, चार वर्षं रोलर स्केटिंग करते. सुट्टीत देहरादूनच्या बर्फाच्या रिंकवर आठवडाभर न्यायचीय, पण ‘हेल्मेटमध्ये मी बावळट दिसते’ म्हणून हटून बसलीय. हेअरबँडसारखं पॅड चालेल का, आणि ते बेळगावात बसून पारखायचं कसं?

पहिले तीन दिवस अजिबात नाही. त्यानंतर, अटी घालून, हो.

रोलरवर तयार झालेली मुलं बर्फावर आत्मविश्वासापायी पडतात. चारचाकी स्केटला पुढे ब्रेक असतो, तशी पंजाने रेटायची सवय फिगर स्केटवर नेली की पात्याच्या टोकाचे दात बर्फात अडकतात आणि पोर तोंडावर. दुसरं पडणं जास्त वाईट: पाय पुढे निसटतात, आधी बूड आपटतं आणि मागोमाग डोक्याची मागची बाजू. म्हणून बँड बघताना कपाळाकडचं पॅड नंतर बघा, मागचं आधी.

आता जाडीचा हिशोब. दीड मीटरवरून डोकं खाली आलं तर आपटताना वेग ताशी १९.५ किलोमीटर होतो. सायकल आणि रोलर स्केटिंगच्या हेल्मेटचं युरोपीय मानक, ईएन १०७८, सपाट ऐरणीवर जवळपास याच वेगाने हेल्मेट आपटतं, आणि आतल्या नकली डोक्याला २५० जीपेक्षा (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट) जास्त धक्का बसला तर ते नापास. १० मिलीमीटरचं पॅड फार तर साडेसहा मिलीमीटर दबतं, पुढे दगड. दीड मीटर म्हणजे १५०० मिलीमीटर, त्याला साडेसहाने भागा: सरासरी धक्काच २३० जी, क्षणाचा कमाल धक्का त्याहून वर. हेल्मेटमधल्या २५ मिलीमीटर थर्माकोलला दबायला सोळाएक मिलीमीटर मिळतात, सरासरी ९४ जीवर येते. बँडने टेंगूळ, खोक टळेल. मेंदूला बसणारा हिसका हेल्मेटही पूर्ण थांबवत नाही, बँड तर फारच थोडा.

तरी घ्यायचाच असेल तर टेपने भुवयांच्या एक बोट वर आणि मागे कवटीचा उंचवटा येतो तिथून घेर मोजा. दोन मापांच्या मध्ये आलं तर लहान माप घ्या, पण अर्ध्या तासाने कपाळावर लाल वळ उठला तर परत करा. घालून मान खाली घालून जोरात हलवा, मग गादीवर बसून मागे लोळण घ्या. मागचं पॅड वर सरकलं तर तो बँड बाद. बऱ्याचदा दोष बँडचा नसून अंबाड्याचा असतो: अंबाडा बरोबर त्या उंचवट्यावर येतो आणि पॅडला ढकलतो. दोन सैल वेण्या मानेशी बांधा. पॅडखाली चाप, आकडे, पिना काही नको, पडल्यावर तेच टाळूत घुसतात. आणि त्या दिवशी केसांना तेल नको. तेलकट केसांवरून बँड घसरतो, रोजच्या तेलाने इलॅस्टिकही लवकर मरतं.

पॅड टेबलावर ठेवून अंगठ्याने पूर्ण जोर द्या. खालचं लाकूड जाणवलं तर तो नुसता स्पंज. (हळू दाबलं की मऊ आणि झटक्यात मारलं की घट्ट होणारी पॅडं वेगळी, त्यांना ही कसोटी लागू नाही.) मग फ्रीजच्या खालच्या कप्प्यात तासभर ठेवून पुन्हा दाबा. काही फोम थंडीत खडखडीत होतात. बेळगावच्या मे महिन्यात मऊ वाटलेलं पॅड रिंकवर पाटीसारखं लागू शकतं.

घरगुती जुगाडाबद्दल: खडेबाजारातून स्पंज आणून कानटोपीत शिवू नका. कारखान्यात टोपीखाली घालतात ती प्लास्टिकची वाटीही नको, ती पाइपला डोकं लागू नये म्हणून असते, पडण्यासाठी नाही. स्कूटरचं हेल्मेट जड, ते मानेला ओढतं आणि बाजूचं दिसू देत नाही. तिच्याकडे रोलरचं हेल्मेट असेलच, तेच न्या. आतून पातळ लोकरीची टोपी घातली तर पट्टे पुन्हा जुळवा, हनुवटीखाली दोन बोटं जावीत इतकेच सैल. रिंकवाले चालवून घेतात का, ते आधी विचारा. शॉर्ट ट्रॅक शर्यतीत (बर्फावरच्या छोट्या ट्रॅकवरची वेगाची शर्यत) उतरायचं असेल तर बँडचा विषयच संपला, तिथे हेल्मेट सक्तीचं, शिवाय पात्याने न कापले जाणारे हातमोजे आणि गळ्याचं कवच.

चौथ्या दिवशी बँड द्यायचा तो या अटीवर: दोन्ही बाजूंना थांबता येतं, कुणी हात न देता उठता येतं, आणि त्या दिवशी उड्या, गिरक्या, उलटं स्केटिंग नाही. एकदा जोरात डोकं आपटलं की ते हेल्मेट मोडीत काढा, थर्माकोलची चीर बाहेरून दिसत नाही. आणि मुलगी सुस्तावली, ओकली, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागली, तर त्याच तासाला दवाखाना गाठा, रिंकच्या बाकावर बसवून वाट बघू नका.