खालच्या कप्प्यात ईजीएफ घालूनही पेशी उतरत नाहीत? आधी छिद्रं बघा

इन्सर्टमध्ये (तळाला बारीक छिद्रांचा पडदा असलेली छोटी वाटी) वर हाकॅट पेशी (माणसाच्या त्वचेच्या केराटिनोसाइट, म्हणजे वरच्या थरातल्या, पेशींचा लॅबमध्ये वाढवलेला वाण), खालच्या कप्प्यात ईजीएफ (पेशींना खाली ओढण्यासाठी घातलेलं वाढीचं प्रथिन), २४ तासांनी खाली शुकशुकाट आणि गाइड म्हणतात पेशी मेल्यात. तुमची ही पोस्ट वाचून जुनी जखम खाजवली गेली. आमचंही डिसर्टेशन सोलापुरातच झालं, आणि रडगाणं हेच होतं.

स्टार्व्हिंग (पेशी आधी सीरमविना उपाशी ठेवणं), काउंटिंग तुम्ही करत असालच. आधी एक कोरा इन्सर्ट मायक्रोस्कोपखाली धरा. ८ मायक्रॉनची छिद्रं असतील तर गोल ठिपके स्वच्छ दिसतात. ठिपके दिसतच नसतील तर पडदा ०.४ मायक्रॉनचा असल्याचा दाट संशय घ्या. त्यातून ईजीएफ वर झिरपतं, पेशीला चाहूलही लागते, पण अंग घुसवायला वाटच नाही.

आमच्या इंडेंटवर (मागणीपत्रावर) ८ ठसठशीत लिहिलं होतं. खरेदी विभागाने सगळ्यात कमी दराचं कोटेशन उचललं आणि ०.४ चे आले. वर स्टोअरने आपल्या स्टॉक नंबरचा स्टिकर नेमका मापावरच चिकटवला! अख्खा उन्हाळा, बाहेर रस्ता भाजत असताना, आम्ही आत पेशींना शिव्या घालत होतो. नखाने स्टिकर खरवडला तेव्हा उलगडा झाला. बदलून मागितले तर उत्तर मिळालं, "इन्सर्टच आहेत ना? पाकीट फोडलंय, आता परत जाणार नाहीत." तो अर्ज कुठल्या टेबलावर निजलाय देव जाणे. माल आला की स्टोअरमध्ये उभं राहून माप वाचा, मगच सही करा.

माप बरोबर निघालं तर पडद्यावर कोलॅजन किंवा फायब्रोनेक्टिनचं (पेशींना धरायला आधार देणारी प्रथिनं) कोटिंग करा; कोऱ्या पडद्यावर केराटिनोसाइट धड पाय रोवत नाहीत. आणि एका इन्सर्टमध्ये वर-खाली सारखंच ईजीएफ ठेवा. तिथेही तितक्याच पेशी उतरल्या तर त्या दिशा धरून गेलेल्या नाहीत, नुसत्या जास्त हिंडल्यात. या इन्सर्टचा मूळपुरुष असलेला बॉयडेनचा चेंबर १९६२ चा. हा भेद काढणारी झिगमंड-हर्श यांची चेकरबोर्ड पद्धत १९७३ ची. तेवढं केल्याशिवाय 'केमोटॅक्सिस' (रसायनाच्या दिशेने पेशींनी जाणं) लिहिलेलं मला पटत नाही. अर्थात हे माझं मत, गाइडपुढे माझा हवाला देऊ नका.

तुम्हाला कुणीतरी ईजीएफऐवजी पीडीजीएफ हे दुसरं वाढीचं प्रथिन सुचवलंय. ते फायब्रोब्लास्टसाठी (त्वचेच्या आतल्या थरातल्या पेशींसाठी) ठीक. केराटिनोसाइटवर सहसा त्याचा रिसेप्टरच नसतो. पैसे वाचवा.

आणि हो, मोजायच्या आधी पडद्याची वरची बाजू कापसाच्या बोळ्याने नीट पुसा, नाहीतर न उतरलेल्या पेशीही हिशेबात येतात.