एकाच पेशंटचा कोअर, दोन सॉफ्टवेअरचे दोन आकडे

तुमची पोस्ट वाचली आणि आमच्या विभागातला जुना ताप आठवला. तोच स्ट्रोकचा पेशंट, तोच सीटी परफ्युजनचा (मेंदूतला रक्तप्रवाह मोजणाऱ्या स्कॅनचा) डेटा, पण एका सॉफ्टवेअरने कोअर, म्हणजे मेला असं धरलेला मेंदूचा भाग, लहान दाखवला आणि दुसऱ्याने जवळपास तिप्पट. खरा कुठला, असं तुम्ही विचारलंय. आधी दोघं कोअर कशाला म्हणतात ते बघा.

रॅपिड या सॉफ्टवेअरमध्ये, निरोगी भागाच्या तुलनेत सीबीएफ (मेंदूतला रक्तप्रवाह) 30 टक्क्यांच्या खाली गेला की कोअर; टीमॅक्स, म्हणजे रक्त पोचायला होणारा उशीर, 6 सेकंदांच्या वर गेला की तो भाग धोक्यात. संशोधक विंटरमार्क यांच्या 2006 च्या निकषांवर चालणारी सॉफ्टवेअर सीबीव्ही, म्हणजे मेंदूच्या ऊतीतलं रक्ताचं प्रमाण, 100 ग्रॅमला 2 मिलीच्या खाली गेला की कोअर धरतात. डिफ्यूज-3 या थ्रॉम्बेक्टॉमीच्या (नळी घालून गुठळी काढण्याच्या) चाचणीतली कोअरची 70 मिलीची मर्यादा पहिल्या पद्धतीची आहे. ती दुसऱ्या पद्धतीच्या आकड्याला लावू नका.

आम्हाला सगळ्यात महागात पडलं ते सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचं सपोर्ट ऑफिस. नाव लिहीत नाही. थ्रेशोल्ड (कोअर ठरवणारी मर्यादा) कोणता, डीकॉन्व्होल्यूशनमध्ये (स्कॅनवरून रक्तप्रवाह काढायच्या गणितात) डिलेचा, म्हणजे रक्त उशिरा पोचण्याचा, परिणाम काढून टाकता की नाही, एवढंच आम्ही लेखी विचारत होतो. दर वेळी 'अल्गोरिदम गोपनीय आहे' असं सांगून तक्रार बंद. आणि डोस कमी व्हावा म्हणून त्यांच्याच माणसाने बसवून दिलेला प्रोटोकॉल 45 सेकंदांत थांबत होता! एट्रियल फिब्रिलेशनच्या (हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या) एका आजींचा कर्व्ह, म्हणजे शिरेतून दिलेलं कॉन्ट्रास्ट कसं चढलं-उतरलं त्याचा आलेख, मला अजून दिसतो: सॅजिटल सायनसची (मेंदूतल्या मोठ्या शिरेची) रेष वर चढतेय, आणि खाली यायच्या आतच स्कॅन संपलेला. सीबीव्ही म्हणजे त्या कर्व्हखालचं क्षेत्रफळ. कर्व्ह अर्धवट कापला की सीबीव्ही कमी येणार आणि कोअर फुगणार. अशा आकड्यावर माणसाची गुठळी काढायची की नाही हे ठरतं, म्हणून माझा राग अजून शमलेला नाही.

तेव्हा रंगीत नकाशे नंतर बघा, आधी धमनी आणि शिरेचे कर्व्ह उघडा. दोन्ही खाली येईपर्यंत स्कॅन चालला पाहिजे. निदान 60-70 सेकंद तरी हवेतच, हृदय कमजोर असेल तर जास्त.

मी रेडिओलॉजिस्ट आहे, उपचार स्ट्रोक टीमने ठरवायचे. पेशंट न बघता मी त्यावर बोलणार नाही. पण नुसता कोअर मोठा आला म्हणून थ्रॉम्बेक्टॉमी नाकारणं मला पटत नाही. सिलेक्ट-2 आणि अँजल-अ‍ॅस्पेक्ट या चाचण्या, दोन्ही 2023 च्या; मोठ्या कोअरच्या पेशंटनाही फायदा झालेला दिसतो. शिवाय पहिल्या तासांत कोअर म्हणून रंगलेला भाग पुढे जिवंत निघतो, हे गुठळी लवकर निघालेल्या पेशंटमध्ये मी पाहिलंय. साध्या सीटीवरचा अ‍ॅस्पेक्ट्स (इजा किती पसरली त्याचे दहापैकी गुण) काय सांगतोय ते सोडू नका. आणि कॅरोटिड (मानेतली धमनी) जुनीच अरुंद असेल तर टीमॅक्स उगाच लांबलेला दिसतो, तेही तपासा.

आणखी एक, कॅज्युअल्टीच्या सिस्टरना सांगून ठेवा: 18 गेजची (जाड) कॅन्युला, उजव्या कोपराच्या खळगीत. मनगटाच्या बारीक शिरेतून सेकंदाला 5 मिली कॉन्ट्रास्ट जात नाही.