ॲशच्या झाडांवरील बुरशीरोग

प्रश्न : आम्ही नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये लेस्टरशायरला राहतो. आमच्या परसात ॲशचे एक जुने, उंच झाड आहे. यंदा त्याच्या शेंड्याकडील काही फांद्यांना पालवी फुटली नाही. हा संसर्गजन्य रोग असून झाड तातडीने तोडले पाहिजे, नाहीतर आसपासची सारी ॲश मरतील, असे शेजारी म्हणतात. हे खरे आहे का? काही औषध फवारता येईल का?
– एक वाचक

उत्तर : आपण वर्णन केलेली लक्षणे ‘ॲश डायबॅक’ या, झाड शेंड्याकडून वाळवत नेणाऱ्या बुरशीरोगाशी जुळतात. तरीही झाड तोडण्याची घाई करू नये, असे आम्ही आग्रहाने सांगू.

‘हायमेनोस्किफस फ्रॅक्सिनियस’ ही या रोगाची बुरशी मूळची पूर्व आशियातील आहे. तिथल्या ॲशच्या जातींवर ती फारसे नुकसान न करता जगते. युरोपातील ॲशला मात्र तिची ओळखच नव्हती. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला पोलंडमध्ये झाडे वाळू लागली आणि 2006 मध्ये तेथील संशोधकांनी या बुरशीचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. ब्रिटनमध्ये ती 2012 साली प्रथम परदेशातून आणलेल्या रोपांवर व नंतर नॉरफोकमधील रानात आढळली. रोपांच्या आयातीवर त्या ऑक्टोबरअखेर बंदी आली, पण तोवर फार उशीर झाला होता. ज्या देशात ॲशचे बी रानोमाळ आपोआप रुजते, त्याने रोपे बाहेरून मागवावीत, याची हळहळ आजही वाटते.

आदल्या वर्षी गळून पडलेल्या पानांच्या देठांवर उन्हाळ्यात या बुरशीच्या इवल्याशा पांढऱ्या छत्र्या उगवतात. त्यांतून सुटलेले बीजाणू (बुरशीचे सूक्ष्म बीजासारखे कण) वाऱ्याबरोबर मैलोन्‌मैल जातात, नव्या पानांवर रुजतात आणि बुरशी देठावाटे डहाळीत उतरून साल मारते. म्हणूनच आपले एक झाड तोडल्याने परिसरातील प्रसार थांबणार नाही. मोठ्या झाडांवर उपयोगी पडेल असे फवारणीचे औषधही नाही. शरद ऋतूत गळलेली पाने गोळा करून जाळली किंवा पुरली, तर झाडाभोवतीचा बीजाणूंचा भार काही प्रमाणात कमी होतो, एवढे आपल्या हाती आहे.

रोपे दोन-चार हंगामांत मरतात, परंतु मोठी झाडे अनेक वर्षे तग धरतात, आणि दाट, दमट रानातील झाडांपेक्षा मोकळ्यावरची झाडे बहुधा बरी राहतात. काही थोड्या झाडांत रोगाला तोंड देण्याची आनुवंशिक क्षमता असते. क्यू येथील शाही वनस्पती उद्यान व लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधकांनी 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, सरे परगण्यातील मार्डन पार्कच्या रानात जुन्या झाडांपेक्षा नव्या पिढीत ही क्षमता अधिक आढळली. सरसकट तोड केली, तर नेमकी अशी झाडेही बी धरण्याआधीच नष्ट होतील. शिवाय ब्रिटनमधील 900हून अधिक जीवजातींचा ॲशशी संबंध आहे आणि काही दगडफुले व कीटक तर जवळजवळ याच झाडावर अवलंबून आहेत.

झाड रस्त्यावर, घरावर किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागेवर झुकलेले असेल, तर गोष्ट वेगळी. रोगट ॲशचे लाकूड ठिसूळ होते, आणि बुंध्याशी दुसऱ्या बुरशीची लागण झाल्यास झाड अचानक कोसळू शकते. ॲशला पालवी मुळातच उशिरा फुटते, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये जाणकार वृक्षतज्ज्ञाकडून पाहणी करून घ्यावी. निम्म्याहून अधिक पर्णसंभार गेला असल्यास छाटणी किंवा तोड करणे शहाणपणाचे ठरेल. त्यापूर्वी झाडाला संरक्षणाचा आदेश लागू आहे का, हे स्थानिक कौन्सिलकडे (तिथल्या नगरपालिकेकडे) विचारावे आणि ढोलीत वटवाघळे नाहीत याची खात्री करावी, कारण त्यांच्या निवाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे.

प्रश्न : पारिजातक आणि जाई-जुई ॲशच्याच कुळातील आहेत, असे वाचले. इंग्लंडहून येणाऱ्या नातेवाइकांकडून ॲशचे बी मागवावे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कृपया मागवू नये. कूळ एकच आहे हे खरे, आणि 2018 मध्ये इंग्लंडच्या वेस्टनबर्ट वृक्षोद्यानात याच कुळातील ॲशव्यतिरिक्त इतर झाडांवरही ही बुरशी सापडली होती. हिमालयात ॲशच्या देशी जाती आहेत, त्यांच्यासाठी तरी ही काळजी घेतलीच पाहिजे. परवानगीशिवाय बी किंवा रोपे आणणे भारताच्या 2003च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशाविरुद्धही आहे.