वाचकांचे प्रश्न : रेषेतला सिंह आणि कातडीतला सिंह

अ‍ॅनिमेशनपटांवरून पुन्हा काढल्या जाणाऱ्या लाइव्ह अ‍ॅक्शन (म्हणजे रेखाटलेल्या पात्रांऐवजी खऱ्या नटांच्या) चित्रपटांविषयी आणि त्यांतील अद्भुत नायकांविषयी आम्ही वाचकांची मते मागवली होती. आलेल्या पत्रांपैकी काहींतील प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : मी नववीत शिकतो. सिंबाचा नवा चित्रपट मी आधी पाहिला आणि जुना, चित्रांचा, नंतर पाहिला. माझे मामा म्हणतात की नव्यातले सिंह अगदी खरे दिसतात, म्हणून तोच चांगला. मला मात्र मुफासा मरतो तेव्हा जुन्या चित्रपटात रडू आले, नव्यात आले नाही. मामांच्या मते ही जुन्याची ओढ आहे. पण मी तर जुना नंतर पाहिला. मग असे का झाले? (विद्यार्थी, ता. पवनी, जि. भंडारा)

उत्तर : तुझ्या प्रश्नातच मामांच्या म्हणण्याचे उत्तर आहे. लहानपणीची आठवण जुन्या चित्रपटाला चिकटलेली असते हे पुष्कळदा खरे असते, परंतु तुझ्या बाबतीत ते कारण लागू पडत नाही. तेव्हा कारण पडद्यावरच शोधले पाहिजे.

‘द लायन किंग’ 1994 मध्ये आला, तेव्हा त्यातील प्राणी चित्रकारांनी हाताने रेखाटलेले होते. सिंबा मेलेल्या वडिलांच्या पंजाखाली शिरतो त्या प्रसंगात त्याच्या भुवया, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांतील पाणी हे सारे माणसाच्या लेकराचे आहे. सिंहाच्या छाव्याला असा चेहरा कधीच नसतो. 2019 च्या चित्रपटाला सगळे लाइव्ह अ‍ॅक्शन म्हणत असले, तरी दिग्दर्शक जॉन फॅव्हरो यांनी सांगितल्याप्रमाणे एक दृश्य सोडले तर तो संपूर्ण चित्रपट संगणकावरच घडवलेला आहे. म्हणजे तोही अ‍ॅनिमेशनच आहे, मात्र वन्यजीवांच्या माहितीपटासारखे दिसण्याचे बंधन त्याने स्वतःवर घालून घेतले. खरा सिंह कान, शेपूट आणि अंगाच्या ठेवणीतून बोलतो, भुवयांतून बोलत नाही. त्या बंधनामुळे सिंबाचा चेहरा जवळजवळ स्थिर राहिला आणि दुःखाचा सगळा भार केवळ आवाजावर पडला. सिंबाचा कपटी काका स्कार याचेही तेच झाले. जुन्यात त्याची काळी आयाळ, हिरवे डोळे आणि तिरकी मान पाहताच त्याच्या मनातले कपट कळत असे. नव्यात तो एक रोडावलेला सिंह आहे, इतकेच कळते.

मामांचे एक म्हणणे मात्र मान्य करावे लागेल, की त्या चित्रपटातील गवत, धूळ आणि ऊन यांचे काम थक्क करणारे आहे. जगभर त्याने दीड अब्ज डॉलरांहून अधिक कमाई केली, ती काही फुकटची नव्हे. परंतु खरे दिसणे आणि खरे वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, खरे वाटले तरच प्रेक्षक रडतो, आणि तुझ्या डोळ्यांनी त्यांतला फरक बरोबर ओळखला. हेच दिग्दर्शक 2016 मध्ये ‘द जंगल बुक’ करताना या अडचणीतून सुटले होते, कारण तेथे संगणकी प्राण्यांच्या मधोमध नील सेठी नावाचा खराखुरा मुलगा मोगली म्हणून उभा होता. वाघाची भीती वाघाच्या चेहऱ्यावर दाखवावी लागत नाही. ती मोगलीच्या चेहऱ्यावर दिसते.

प्रश्न : आमच्याकडून वाहणारी वैनगंगा हीच मोगलीची नदी, असे येथे सर्वजण अभिमानाने सांगतात. हे खरे आहे काय? आणि दूरदर्शनवर पाहिलेला मोगली आम्हाला मूळ वाटतो. मग नव्या चित्रपटात कथा बदलली, अशी तक्रार आम्ही करावी का? (शेतकरी वाचक, ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर)

उत्तर : होय, ही तीच नदी. रुडयार्ड किपलिंग यांच्या 1894 च्या पुस्तकात शिवनीच्या टेकड्या आणि वैनगंगा नावानिशी येतात. शिवनी जिल्ह्यात उगम पावलेली ही नदी बालाघाट, गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांतून येऊन पुढे चंद्रपूर व गडचिरोली यांच्या सीमेवरून वाहते आणि वर्धा नदीला मिळून प्राणहिता होते. आपल्या बांधापलीकडचे रान जगभरच्या मुलांच्या मनात वसले आहे, याचा अभिमान जरूर बाळगावा. 2016 चा चित्रपट मात्र लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत चित्रित झाला आणि त्यातील अरण्य संगणकातून उगवले.

तक्रारीविषयी थोडे विस्ताराने सांगावेसे वाटते. आपण ज्याला मूळ म्हणता ती दूरदर्शनवरील मालिका जपानमध्ये तयार झालेली होती. गुलजार यांचे शीर्षकगीत आणि शेरखानला लाभलेला नाना पाटेकर यांचा आवाज यांमुळे ती आपल्याला घरची वाटली. 2016 च्या चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीतही शेरखान नानांच्याच आवाजात बोलला, ही निवड अतिशय जाणतेपणाची होती. डिस्नेने 1967 मध्ये काढलेला अ‍ॅनिमेशनपट तर पुस्तकापासून फारच दूर गेला होता. पुस्तकातील ‘का’ नावाचा अजगर मोगलीचा मित्र आणि गुरू आहे. त्या चित्रपटात तो त्याला गिळायला टपलेला आहे. वानरांचा राजा लुई पुस्तकात मुळीच नाही. उलट 2016 च्या चित्रपटात लांडग्यांच्या कळपाचा कायदा पुस्तकातून परत आला, आणि 1967 च्या चित्रपटात शेवटी मुलीच्या मागे गावात जाणारा मोगली या वेळी रानातच राहिला. तेव्हा बदल केला म्हणून रागावू नये, बदलाने मोगलीला काय दिले ते विचारावे. येथे त्याला माणसाची युक्ती वापरूनही कळपाचा राहण्याचा हक्क मिळाला, आणि मला तो बदल मनापासून आवडतो.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. छोटा भीमचा खऱ्या मुलांचा चित्रपट पाहून माझ्या वर्गातील मुले हट्टाने म्हणतात, “हा भीम नाहीच.” मोठी माणसेही जलपरीच्या नव्या चित्रपटातील नायिकेच्या वर्णावरून असेच बोलत होती. नायक चित्रातल्यासारखाच दिसला पाहिजे, हा आग्रह योग्य आहे का? (शिक्षिका, ता. लाखांदूर, जि. भंडारा)

उत्तर : आपण विचारलेल्या दोन आग्रहांत फरक आहे. मुलांचा हट्ट मला समजतो. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड या संस्थेचा छोटा भीम 2008 पासून दूरचित्रवाणीवर आहे आणि एवढ्या वर्षांत तो एका दिवसानेही मोठा झालेला नाही. लाडू खाताच त्याच्या अंगात बळ येते, तो हत्तीएवढे धोंडे उचलतो, आणि चित्रात त्या धोंड्यांना वजनच नसल्यामुळे आपण शंका घेत नाही. 2024 च्या चित्रपटात यज्ञ भसीन या खऱ्या मुलाने तेच केले, तेव्हा डोळा आपोआप वजन मोजू लागला. मुलांना ‘हा भीम नाही’ असे जे वाटले, ते त्या मुलाच्या चेहऱ्यामुळे वाटले नसून त्या धोंड्यांमुळे वाटले, असे माझे मत आहे. आपण वर्गात विचारून पाहावे.

जलपरीविषयीचा आग्रह मला मान्य नाही. 2023 च्या चित्रपटात एरियलची भूमिका हॅली बेली या कृष्णवर्णीय गायिकेने केली, आणि तिची निवड जाहीर झाल्यापासूनच अनेकांनी तिच्या रंगावर बोट ठेवले. या कथेत जलपरी माणूस होण्यासाठी काय गमावते, तर स्वतःचा आवाज. तो आवाज ऐकताना आपल्याला त्याची किंमत कळली नाही, तर पुढची कथा उभीच राहत नाही. बेली यांच्या गाण्यात ती किंमत कळते. आपल्या झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला हे वेगळे सांगायला नको. मंडईच्या दिवसांत रात्रभर नाटक पाहणारा आपला माणूस नटाच्या गळ्यावर आणि अभिनयावर त्याची पारख करतो. दंडार या आपल्या लोकनाट्यात पुरुषांनी स्त्रीपात्रे केली आणि आपल्या आजी-आजोबांनी ती खरी मानून डोळे पुसले.

प्रश्न : ‘मुलान’ नव्याने आला तेव्हा गाणी आणि मुशू हा छोटा ड्रॅगन काढून टाकल्यामुळे चाहते नाराज झाले. मला त्याहून वेगळेच काही खटकले, पण नेमके सांगता येत नाही. (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, जि. गोंदिया)

उत्तर : आपल्याला काय खटकले असावे, याचा अंदाज मी करतो. 1998 च्या चित्रपटात पुरुषवेषाने चिनी सैन्यात शिरलेली मुलान इतर शिपायांसारखीच अडखळते. उंच खांबावर रुतलेला बाण काढायचा असतो आणि मनगटांना जड वजने बांधलेली असतात. सगळे हरतात, ती मात्र तीच वजने खांबाभोवती एकमेकांत अडकवून त्यांच्याच आधाराने वर चढते. जे ओझे होते तेच साधन झाले, आणि ते तिच्या बुद्धीने झाले. 2020 च्या चित्रपटात तिच्या अंगात लहानपणापासूनच विलक्षण शक्ती आहे आणि तिने ती लपवायची की दाखवायची एवढाच प्रश्न उरतो. जन्मतःच असामान्य असलेल्या नायिकेचे कौतुक करता येते, पण तिच्या जागी स्वतःला ठेवता येत नाही. मुशू गेला याचे दुःख मलाही आहे, परंतु तो खांब गेला हे नुकसान फार मोठे आहे.

प्रश्न : ‘हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन’ हा 2025 चा चित्रपट 2010 च्या चित्रपटासारखाच हुबेहूब आहे. मग तो काढलाच कशाला? (वाचक, आरमोरी, जि. गडचिरोली)

उत्तर : दोन्हींच्या दिग्दर्शनात डीन डीब्लॉइस होते, त्यामुळे साम्य अपेक्षितच होते, आणि बरीच दृश्ये जशीच्या तशी आहेत ही आपली तक्रार रास्त आहे. तरीही एका कारणासाठी तो पाहावा. कथेचा नायक हिकप याच्या वडिलांना जुन्या चित्रपटात जेरार्ड बटलर यांनी केवळ आवाज दिला होता. नव्यात ते स्वतः त्या भूमिकेत उभे आहेत. मुलाला नाकारताना बापाच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते येथे माणसाच्या चेहऱ्यावर पाहायला मिळते. घरात लहान मूल असेल, तर त्याला 2010 चा चित्रपट आधी दाखवावा आणि नव्या चित्रपटासाठी दोन-तीन वर्षे थांबावे.