ढोल खाली ठेवण्याआधी

प्रिय पोरी,

तुझा मेसेज रात्री पावणेदोनला आलेला सकाळी पाहिला. ‘ताई, शिकायला परदेशी निघालेय, ढोल-ताशा पथकातल्या सगळ्यांचा निरोप कसा घेऊ?’ फोनवरच बोलले असते, पण तुझ्या मागे कायम सराव चालू असतो आणि मला निम्मं ऐकू येत नाही. म्हणून पत्र.

आधी तारखा बघू. यंदा, 2026 मध्ये, अधिक महिना आल्यामुळे गणपती 14 सप्टेंबरला बसतायत, विसर्जन 25 ला. तुझं विमान ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे तुला सराव मिळेल, मिरवणूक नाही. तुझी शेवटची विसर्जन मिरवणूक गेल्या वर्षी, 6 सप्टेंबरला, होऊन गेली आणि तेव्हा तुला त्याचा पत्ताही नव्हता. बरंच झालं. पत्ता असता तर पुण्याच्या लक्ष्मी रोडभर तू ढोल कमी वाजवला असतास आणि डोळे जास्त पुसले असतेस. पण आता जे करायचं ते नदीपात्रातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्येच, चिखलात आणि डासांत करावं लागणार आहे.

तुमच्याकडे केक कापायचं ठरतंय म्हणे. खुशाल काप. चार सिनियर बोलतील, कुणीतरी तुझी नक्कल करेल, ग्रुपवर फोटो पडतील. मजा येईल. फक्त त्याला निरोप समजू नकोस. दीडशे माणसांचा एकदम निरोप घेता येत नाही, दीडशे माणसांना फक्त हात हलवता येतो.

पथकातल्या मैत्रीची एक गंमत आहे, जी वाजवत असताना कुणाच्या लक्षात येत नाही. आपण एकमेकांशी फारसे बोललेलोच नसतो! कॉलेजच्या कट्ट्यावर मैत्री बोलून होते. इथे कानात कापूस, कमरेला ढोल, समोर ताशा. शेजारच्याचा हात थकलाय हे त्याच्या खांद्यावरून कळतं. त्याचं टिपरू, म्हणजे ढोलाची काठी, जरा मागे पडायला लागलं की आपण आपली थाप जड करून त्याला सांभाळून घेतो, आणि त्याबद्दल पुढे कधी एक शब्द निघत नाही. बोटांना चिकटपट्टी कोण कशी गुंडाळतो हे आपल्याला ठाऊक असतं. त्याचे वडील काय करतात, हे ठाऊक नसतं.

माझ्या डाव्या हाताला तीन वर्षं एकच मुलगा वाजवायचा. टोपणनाव सांगत नाही, कुठे असला आणि त्याने हे वाचलं तर त्याचं तोच ओळखेल. बी.कॉम. झाल्यावर मला बंगळूरला नोकरी लागली आणि विसर्जनाच्या तिसऱ्या दिवशी निघायचं होतं. मी मनात पक्कं ठरवलेलं, मिरवणूक संपली की त्याला सांगायचं. मिरवणूक संपली तेव्हा उजाडलं होतं. कान बधिर, तळहात सोललेले, प्रत्येकजण मिळेल त्या पायरीवर झोपलेला. तोही झोपला होता, ढोलाला टेकून. मी उठवलं नाही. म्हटलं, दिवाळीला येईन तेव्हा सांगू. दिवाळीत पथक कुठे असतं? पुढच्या वर्षी सुट्टी काढून आले तर त्याच्या जागी दुसराच. चौकशी केली. सगळे त्याला टोपणनावानेच ओळखत होते. आडनाव एकालाही सांगता येईना. मोबाइल तेव्हा सगळ्यांकडे नव्हते. मला अजून वाटतं, उठवायला हवं होतं. दोन मिनिटं चिडला असता, एवढंच.

तुमच्याकडे मोबाइल आहेत, त्यामुळे माणूस हरवत नाही, हे मान्य. पण ग्रुपवर नाव दिसत राहणं आणि ओळख असणं यांत फरक आहे.

म्हणून असं कर. 2024 चा तो ऑगस्ट-सप्टेंबर आठवतो? तू तिसऱ्या वर्षाला होतीस. राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाच्या न्यायालयाने, एका पथकात तीसच माणसं असा आदेश दिला आणि तुमच्या शेडमध्ये यादीवरून किती भांडणं झाली! 12 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाला स्थगिती दिली आणि याद्या फाडल्या गेल्या. पण त्या दिवसांत तुझ्याही डोक्यात एक यादी तयार झाली असणार: कोण नसेल तर मी वाजवणार नाही. ती यादी परत काढ. तिसांची कशाला, सहाजण निघाले तरी खूप झाले. त्यांना एकेकट्याला भेट, ढोल नसताना. मिसळ खायला जा, नाहीतर त्यांच्या घरी जा. पहिली दहा मिनिटं अवघड जातील. मध्ये ताशा नसेल तर काय बोलायचं हेच सुचणार नाही तुम्हाला. सुचेल.

‘तुझी खूप आठवण येईल’ हे वाक्य टाळ. त्यात समोरच्याला स्वतःचं काही सापडत नाही. नेमकं सांग. ‘बेलबाग चौकात माझी दोरी सुटली तेव्हा तू माझा ढोल गुडघ्याने धरून ठेवलास’ असं काहीतरी. ज्याने धरला तो विसरलाही असेल. त्याला आठवून देणं हाच निरोप.

यादीत वादकच असतील असं नाही. टेम्पोत ढोल चढवणारे, गर्दीत दोरी धरून चालणारे, पाण्याचे कॅन वाहणारे, ध्वज घेऊन पुढे जाणाऱ्या मुली, यांच्या निरोपाचं कुणी मनावर घेत नाही. आणि जिच्याशी गेल्या वर्षी पहिल्या रांगेवरून वाजलं होतं तुझं, तिलाही भेट. माफी मागायलाच हवी असं नाही. तिच्याबरोबर एक ढोल आवळ. दोरी ओढताना दोघींना जोर लावावा लागतो, मग रुसवा धरून ठेवणं कठीण जातं.

तुझ्या जागी जी नवी मुलगी उभी राहणार आहे तिला तुझा ढोल आजच दे. शेवटच्या दिवसापर्यंत स्वतः वाजवायचा मोह होईल, मला कळतं. पण त्या ढोलाची कुठली गाठ ओली झाली की सरकते, कमरेला पदर किती घड्यांचा लागतो, ठेका बदलायच्या आधी ताशेवाला मान कशी झुकवतो, हे तुझ्याशिवाय तिला कोण सांगणार?

आणि ‘दरवर्षी विसर्जनाला येईन’ असं वचन देऊ नकोस. तिकडे सप्टेंबरात कॉलेज ऐन भरात असतं, तिकिटं परवडत नाहीत. एकदा मोडलं की दुसऱ्यांदा तोंड दाखवायला संकोच वाटतो, आणि माणसं तिथेच तुटतात. त्यापेक्षा स्थापनेच्या दिवशी एकाला फोन कर. आवाजात काही ऐकू येणार नाही. तरी कर.

बाकी सामान किती किलो न्यायचं, कुकर न्यायचा का, हे तुझ्या आईला विचार, मला त्यातलं कळत नाही.

मी रविवारी सरावाला येतेय. तोवर एक काम कर. तुझ्या उजव्या हाताला जो वाजवतो, ज्याला तुम्ही सगळे त्या भलत्याच नावाने हाक मारता, त्याचं आडनाव काय आणि तो राहतो कुठे, ते मला येऊन सांग.

तुझी,
ताई